माझ्या तोंडचं नाटक

व्यंकट मास्तर वारले तेव्हा शाळेच्या पटांगणात शोकसभा झाली. बाहेरगावचे एक प्राध्यापक आले होते. मास्तर नट होते, नाटककार होते, निजामी राजवटीत त्यांनी खेड्यापाड्यांत मराठी नाटक जिवंत ठेवलं, असं ते बराच वेळ बोलले. ते खरंच आहे. पुढं ते म्हणाले, जळकोटला झालेल्या नाटकात मास्तरांनी जुलमी अंमलदाराला भर सभेत उघडं पाडलं. मी पुढच्या रांगेतच बसलो होतो. त्या नाटकात अंमलदार नव्हताच. मी होतो.

सभा संपायच्या आत मी उठून आलो. प्राध्यापकाचा दोष नाही, त्याला कोणी सांगितलंच नसणार. ज्यांना माहीत होतं ते एकेक करून गेले. राहिलो मी. मी मास्तरांशी व्यवहार केलेला आहे, आणि माणूस कळायचा तर व्यवहारातच कळतो.

मास्तर मूळचे बेंबळीचे. लहानपणी गळा गोड म्हणून एका फिरत्या नाटक मंडळीनं त्यांना उचललं. आठ-दहा वर्षं त्यांनी नायिकेची कामं केली. सोलापूर, विजापूर, हुबळीपर्यंत फिरले. मग आवाज फुटला. ज्या मालकानं खारका-बदाम चारले त्यानंच पडदे ओढायला लावलं. पडद्याच्या दोऱ्या धरून धरून त्यांच्या तळहाताला घट्टे पडले होते, ते शेवटपर्यंत होते. त्या दोऱ्यांजवळ उभं राहून आपण नाटक शिकलो, असं ते सांगायचे. "समोरून बघणाऱ्याला नाटक दिसतं, आप्पा. बाजूनं बघणाऱ्याला नट दिसतो."

मंडळी बुडाल्यावर ते आमच्या जळकोटला आले आणि मठाच्या पडवीत खासगी शाळा काढून राहिले. अंगानं काटकुळे, मान लांब, चाल मात्र अजून बाईची. रस्त्यानं जाताना पोरं मागून नक्कल करायची. मास्तर थांबायचे, वळून त्या पोरांची चाल बघायचे आणि म्हणायचे, "खांदे जास्त हलायलेत. बाई कंबरेतून चालती, खांद्यातून न्हाय." पोरं लाजून पळायची. त्यांनी मिशी कधी ठेवली नाही. आमच्याकडं बाप असेपर्यंत मिशी काढत नाहीत, आणि मास्तरांचा बाप बेंबळीत धडधाकट होता. कोणी टोकलं की म्हणायचे, "तोंड भाड्यानं द्यायचं घर हाय. आधीच बिऱ्हाड ठिवलं तर गिऱ्हाईक कसं येईल?"

दरवर्षी जत्रेला ते एक नाटक बसवायचे. लिहायचं त्यांनी, शिकवायचं त्यांनी, एखादं काम करायचं तेही त्यांनी. गावात वाचता येणारे थोडे, आणि पोलिसांच्या परवानगीशिवाय चार माणसं ओट्यावर उभी राहायची नाहीत असे दिवस. नाटक आधी अमीनसाहेबांना ऐकवावं लागायचं. अमीन म्हणजे आमचा फौजदार. त्याला मराठी तुटकच कळायचं, वाचता तर यायचंच नाही. म्हणून सरकारी शाळेतले उर्दूचे मुन्शीजी मास्तरांच्या शेजारी बसून सगळं उर्दूत सांगायचे. परवानगी दिवस मावळेपर्यंतचीच मिळायची, त्यामुळं आमची नाटकं उन्हात होत. प्रेक्षक डोक्यावर पोती घेऊन बसत.

मुन्शीजी आणि मास्तर ही जोडी गावाला माहीत होती. मुन्शीजी जाडे, दमेकरी, कायम एकच शेरवानी. दोघं मठाच्या पायरीवर बसून तासन् तास वाद घालायचे. मास्तर एक वाक्य म्हणायचे, मुन्शीजी ते उर्दूत करायचे, मग मास्तर म्हणायचे, "असं न्हाय, यात दात लागंनात." मुन्शीजी म्हणायचे, "मास्तरजी, अमीनला दात दाखवायचे नसतेत. त्यांना फकत ओठ दाखवायचे." आणि दोघं हसायचे. मुन्शीजींचं हसणं खोकल्यात संपायचं.

मास्तरांची नाटक बसवायची रीत कुणाचीच नव्हती अशी होती. पूर्ण नाटक ते कुठल्याच नटाला ऐकवायचे नाहीत. ज्याला त्याला त्याची त्याची वाक्यं तोंडानं पढवायचे, आणि आधीच्या माणसाच्या बोलण्यातले शेवटचे दोन शब्द सांगून ठेवायचे. ते शब्द कानावर पडले की आपण बोलायचं. तालीमही एकेकट्याची. समोरच्या माणसाचं काम मास्तर स्वतः करायचे. कोणी विचारलं, नाटकात पुढं काय होतं, तर म्हणायचे, "तुमाला तुमच्या घरात पुढं काय होणार ते ठावं हाय का? मग इथं कशाला पायजे?"

लोक म्हणायचे ही पोलिसांच्या भीतीनं काढलेली युक्ती. कोणाला पकडून विचारलं तरी त्याला नाटक सांगता येऊ नये. असेल. पण मला वाटतं मास्तरांना तसं आवडायचंच. सगळं नाटक आपल्या एकट्याच्या डोक्यात आहे, बाकी गाव तुकडे घेऊन फिरतंय, याची त्यांना गोडी होती. आम्ही बाजारातली माणसं ही गोडी ओळखतो.

एका वर्षी पाटलाचा धाकटा भाऊ हटून बसला, काम करीन तर राजाचंच करीन. त्याला पाठ होत नसे, आणि नाही म्हणायची सोय नव्हती, कारण ओटा पाटलाच्या अंगणातला. मास्तर म्हणाले, "राजाच तुम्ही." त्याला जरीचा फेटा बांधला, सिंहासनावर बसवला, आणि सांगितलं की तुम्ही झोपलेले आहात. सगळं नाटक त्याच्या पायाशी घडलं. लोक गाऱ्हाणी घेऊन आले, भांडले, रडले, निघून गेले. राजा झोपलेला. शेवटी तो डोळे चोळत उठला आणि त्याचं एकुलतं एक वाक्य बोलला, "सगळं ठीक आहे ना?" गाव पोट धरून हसलं. अमीनही हसला. पाटलाच्या भावाला वाटलं आपलं काम फार रंगलं. चार दिवसांनी त्याला कोणीतरी समजावून सांगितलं तेव्हा तो मास्तरांना मारायला निघाला होता.

तेव्हा मीही हसलो होतो. जरा जास्तच.

आता माझं सांगतो. मी हेडी. बैलांची खरेदी-विक्री हा माझा धंदा. बापानं मागं काही ठेवलं नाही. दुसऱ्यांची गुरं राखत मी बैल शिकलो, आणि चाळिशीच्या आत जळकोट, तामलवाडी, बेंबळी कुठल्याही बाजारात माझ्या शब्दावर सौदा ठरू लागला. घर दगडी बांधलं. तरी मठात पंगत बसली की थोरा-मोठ्या घरांची पानं आधी, माझं पान दाराजवळ. 'हेडी' हा शब्द लोक मागं बोलताना जसा उच्चारत तसा मला ऐकू येई. मी तापट आहे हे खरं आहे. पण बैल चारदा फिरवून दाखवल्यावरही जो भाव पाडतो त्याच्यासमोर थंड राहणारा माणूस मी अजून बघितला नाही.

तर मास्तर बाजारात येऊन माझ्याजवळ बसू लागले. बैल घ्यायची त्यांची ऐपत नव्हती. नुसते बसायचे. मी गिऱ्हाईकाशी बोलायचो, ते ओठ हलवायचे. दोन-तीन बाजार असं झाल्यावर मी विचारलं, "मास्तर, काय करायलाव इथं? जप चाललाय का?"

"व्हय. तुमचाच."

"माझा?"

"आप्पा, मी दहा वर्षं राजे बघितले, रंगवलेले. एकाला बी तुमच्यासारखं बोलता येत नव्हतं. तुम्ही आवाज चढवत न्हाय. गिऱ्हाईक चढवतंय. तुम्ही निस्ता बैलाकडं बघताव, आन् त्याला घाम फुटतोय. औंदा माझ्या नाटकात काम करा."

माझ्या धंद्यात स्तुती करणारा माणूस काहीतरी लपवत असतो. हे मी लोकांना शिकवलेलं आहे. तरी मी विचारलं, काम कसलं? मास्तर म्हणाले, बैल पारखणाऱ्या मोठ्या व्यापाऱ्याचं. नाटकात सगळ्यांत शहाणा माणूस तोच. ओट्यावर तुम्ही आलात की सगळे उठून उभे राहतील.

सगळे उठून उभे राहतील, हे त्यांनी बरोबर शेवटी सांगितलं.

माझी तालीम त्यांनी माझ्याच गोठ्यात घेतली. खऱ्या बैलासमोर. "दात बघू दे." "चार पावलं चालव." "खांदा चांगला आहे, पण मागचा पाय ओढतो." "खाईल किती आणि ओढील किती, ते बघायला नको?" "मी काही बळजबरी करत नाही. तुम्हीच आणलाय." "बांधा माझ्या गाडीमागं." एकेक वाक्य माझंच. मी रोज बोलतो तेच. पाठ करायला काही नव्हतंच. बायको दारात उभी राहून ऐकायची आणि म्हणायची, "ह्यात नाटक कुठाय? हे तर रोजचंच हाय." मास्तर तिला म्हणाले, "वैनी, तेच अवघड असतंय."

मी विचारलं, ओट्यावर बैल कसा चढवणार? ते म्हणाले, ती माझी काळजी. मला वाटलं, दोन माणसं कापडाखाली घालून सोंगाचा बैल करतील.

जत्रेच्या दिवशी मी नवा फेटा बांधला. माझाच सदरा, माझंच उपरणं, माझीच काठी. मास्तरांनी दुसरं काही घालू दिलं नाही. समोर खुर्चीवर अमीनसाहेब, शेजारी मुन्शीजी, मागं सगळं गाव आणि आसपासची खेडी. मठातले मोठे लोकही होते. माझे शब्द कानावर पडले, मी ओट्यावर गेलो. मास्तर खोटं बोलले नव्हते. ओट्यावरचे सगळे उठून उभे राहिले. माझ्या छातीत काय झालं ते मी आज सांगू शकत नाही. मी म्हणालो, "आणा."

आणि दगडू कुंभाराला आणलं. गळ्यात कासरा, गुडघे वाकलेले, पाठीवर ओझं. कासरा धरणारा माणूस म्हणाला, "बघा, धनी."

हे कानावर पडले की मी बोलायचं, असे ठरलेले दोन शब्द.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. जहागिरीचा नायब, म्हणजे जहागिरदाराच्या हाताखालचा कारभारी, दौऱ्यावर आला की त्याचे शिपाई गावातून माणसं वेठीला धरायचे. त्याच्या डेऱ्याचं सामान पुढच्या मुक्कामापर्यंत फुकट वाहून न्यायचं. त्याआधीच्या वर्षी दगडूचा म्हातारा बाप तसा धरून नेला होता. नळदुर्गच्या रस्त्यावर तो ओझ्यासकट खाली बसला आणि उठला नाही. गावात हे कोणी मोठ्यानं बोलत नव्हतं. आता दगडू बापाचं धोतर नेसून, बापासारखा वाकून माझ्यासमोर उभा होता.

मी काय करायला हवं होतं? लोक पुढं बरीच वर्षं विचारत. खाली उतरायला हवं होतं, म्हणे. उन्हात, अमीनसमोर, अख्ख्या गावासमोर, मधूनच? सुरू केलेला सौदा मी आयुष्यात अर्धा सोडलेला नाही. आणि तोंड सवयीचं असतं. मी म्हणालो, "दात बघू दे."

दगडूनं तोंड उघडलं.

पुढची वाक्यं मी बोललो. सगळी बोललो. चार पावलं चालव म्हणालो, दगडू चालला. मागचा पाय ओढतो म्हणालो, त्यानं पाय ओढला. माझ्या आवाजात काही फरक पडला नाही, आणि तेच भयंकर झालं असं नंतर मला सांगण्यात आलं. समोर इतकी माणसं, पण पोरगंसुद्धा रडत नव्हतं. "मी काही बळजबरी करत नाही," असं मी म्हणालो तेव्हा बायकांच्या बाजूनं एक आवाज आला. हुंदका नव्हता. जनावर दचकल्यावर श्वास टाकतं तसा.

अमीनसाहेब खूश झाला. त्याला दिसलं ते एवढंच, की एक हेडी माणसाला बैलासारखा विकत घेतोय. त्यात सरकार कुठं आलं? नाटक संपल्यावर त्यानं मला जवळ बोलावून हात मिळवला आणि मुन्शीजींना म्हणाला, "ये बेपारी लोगां ऐसेच रहते. बराबर दिखाया मास्तर ने." मुन्शीजींनी मान खाली घातली. त्यांना सगळं आधीपासून माहीत होतं, नाटक त्यांनीच तर ऐकवलं होतं.

मी पडद्यामागं गेलो आणि मास्तरांची मान धरली. अहो-जाहो सुटलं. "तू माझ्या तोंडात शेण घातलंस."

मास्तरांनी सुटायची धडपड केली नाही. "शेण न्हाय आप्पा. तुमचीच वाक्यं हायेत."

"बैलाची होती ती."

"व्हय. बैलाचीच होती."

"मग नायबाचा पोशाख घालून करायचं की. का न्हाय केलं?"

"परवानगी मिळाली असती का? तुम्हीच सांगा. व्यवहार तुमाला कळतोय." मग म्हणाले, "दगडूच्या बापाचं नाव घ्यायला ह्या गावात दुसरी वाट नव्हती. तुमचं नाव वापरलं. मोठं होतं म्हणून वापरलं."

"आन् ते परत कोण देणार मला?"

तेव्हा त्यांनी शब्द दिला. मुन्शीजी साक्षीला होते, धापा टाकत मधे पडून ते माझा हात सोडवत होते. मास्तर म्हणाले, "दिवस पालटतील. त्या दिवशी हेच नाटक, ह्याच ओट्यावर, खऱ्या पोशाखात करू. नायबाची शेरवानी तुमाला घालीन. मग लोकांना कळंल तुम्ही कुणाचे बोल बोलत होताव."

मी मान सोडली. शब्द घेतला.

लोकांना काय कळलं होतं आणि काय नव्हतं, हा प्रश्न मी बरीच वर्षं उलटून पालटून बघितला आहे. त्यांना सगळं कळलं होतं. ओट्यावरचा व्यापारी म्हणजे नायब हे शेंबड्या पोरालाही कळलं होतं. पण नायबाला दात दाखवायची कोणाची छाती होती? मी रोज समोर होतो. बाजारात बैल दाखवायला आणलेला शेतकरी आधी स्वतःच तोंड उघडायचा आणि भोवतालचे हसायचे. कानडी शेतकरी विचारायचे, "एन्री आप्पा, हल्लु नोडतीरी?" बायकासुद्धा विचारू लागल्या, काय आप्पा, दात बघता का? भाव पाडायला ते त्यांना बरं सापडलं. मी दोघांना काठीनं हाणलं, त्यानं आणखी वाढलं. थोरल्या मुलीला अक्कलकोटकडचं स्थळ आलं होतं. पाहुणे जेवून गेले, पान-सुपारी झाली, आणि नंतर निरोप आला की मुलगी चांगली आहे, पण त्या नाटकातल्या माणसाचं घर नको. मुलीनं मला एका शब्दानं विचारलं नाही. तिनं विचारलं असतं तर बरं झालं असतं.

मास्तर दर सणाला घरी यायचे. मी बोलायचो नाही. ते बायकोशी बोलायचे, मुलांना नकला करून दाखवायचे, आणि जाताना दारात म्हणायचे, "आप्पा, शब्द ध्यानात हाय." मी म्हणायचो, "ठेवा."

मग ते वाईट दिवस आले. हत्यारं घेतलेल्या टोळ्या रस्त्यांवर फिरू लागल्या. पुष्कळांनी बायका-पोरं सोलापूर मुलखात पाठवली. बाजार बसेनात. मास्तरांची शाळा बंद झाली. त्या दिवसांत मठाच्या पायरीवर ते आणि मुन्शीजी तसेच बसलेले दिसायचे, फक्त वाद घालायचे नाहीत. एकदा टोळीवाले मास्तरांना न्यायला आले तेव्हा मुन्शीजींनी आपलं जाडं अंग पडवीच्या दारात आडवं घातलं आणि खोकत खोकत त्यांच्याशी इतका वेळ बोलले की ते कंटाळून गेले. हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. मुन्शीजींबद्दल वाईट बोलण्यासारखं माझ्याकडं काही नाही.

आणि मग सोलापूरकडून फौजा आल्या. जळकोटवरूनच गेल्या. चार-पाच दिवसांत सगळं उलटं झालं. नायब कधीच पळाला होता. जे पळाले नव्हते, ज्यांनी कधी कोणाचं वाकडं केलं नव्हतं, त्यांच्या घरांवर लोक गेले. आमच्या गावचेही होते, बाहेरचेही होते. मुन्शीजींचं घर फुटलं. ते स्वतः बायको-मुलांना नळदुर्गला ओळखीच्या घरी पोचवून परत येत होते, ते गावात आलेच नाहीत. कुठं गेले, कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर कोणाला तरी सांगावं लागलं असतं.

फौजा येऊन महिना-दीड महिना झाला असेल, गावातल्या तरण्या पोरांनी ओटा सारवला. झेंडा लावला. मास्तरांचं नाटक पुन्हा करायचं ठरलं, खऱ्या पोशाखात, आणि सगळ्यांनी माझं नाव घेतलं. ज्यांनी चार वर्षं मला दात दाखवले तेच दारात येऊन म्हणाले, "आप्पा, आता तुमचीच बारी." मी लगेच हो म्हणालो नाही. दोनदा परत पाठवलं. तिसऱ्यांदा हो म्हणालो. बाजार पुन्हा सुरू झाला होता, आणि बाजारात त्या दिवसांत काय मिळत नव्हतं? भांडी, गाद्या, घड्याळं, कपडे. मला एक शेरवानी मिळाली. चांगल्या कापडाची, माझ्या मापापेक्षा जरा मोठी. कोणाची, कुठून आली, असं आम्ही विचारत नाही. बैल बाजारात उभा राहिला की तो बाजाराचा.

सकाळी मी गाठोडं घेऊन ओट्याजवळ गेलो. पोरं जमली होती. दगडूही होता. मास्तर ओट्याच्या कडेला बसलेले. पोरं त्यांना घेरून होती.

"मास्तर, आता कुणाला भ्यायचं?"

"कुणालाच न्हाय," मास्तर म्हणाले. "म्हणूनच करायचं न्हाय."

"म्हंजे?"

"तवा ते नाटक नायबाला लागत हुतं. आता कुणाला लागंल? तो पोशाख घालून माणूस ओट्यावर आला की तुम्ही खाली काय कराल? निस्तं बघत बसाल?" ते सारवलेल्या ओट्यावर हात टेकून म्हणाले, "म्या लिवलेलं नाटक असल्या कामाला देणार न्हाय."

मी पुढं झालो. "मास्तर, नाटक पोरांसाठी नसंल करायचं तर नका करू. मला शब्द दिलाय."

"दिलाय."

"मग?"

"मोडतो, आप्पा. तुमी काय म्हणाल ते कबूल. पण मोडतो."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. चार वर्षं, मुलीचं स्थळ, ते उघडे जबडे, सगळं डोळ्यासमोर आलं. "पोशाखसुद्धा आणलाय," मी म्हणालो आणि सगळ्यांसमोर गाठोडं सोडून शेरवानी वर धरली.

मास्तर उठून आले. त्यांनी हात लावला नाही. नुसते बघत राहिले. मग बाही उलटली. काखेत आतून निळ्या दोऱ्यानं घातलेला रफू होता.

"हा म्या घातलाय," ते म्हणाले. "मुन्शीजींची हाय."

"बाजारात घेतली मी. रोख देऊन."

"व्हय. तुम्ही फुकट कुणाचं काय घेत न्हाय."

ते टोमण्यात बोलले नाहीत. तसं बोलले असते तर मला उत्तर देता आलं असतं. मग ते पोरांकडं वळले आणि ओट्यावरून बोलायच्या आवाजात, शुद्ध बोलले, "ऐका. त्या नाटकात आप्पांनी माणसाचे दात बघितले नाहीत. आप्पा बैलाबद्दल बोलत होते. त्यांना मी फसवलं. बैलाच्या जागी माणूस मी आणून उभा केला. आजपासून जो कोणी त्यांना दात दाखवील तो माझा गुन्हेगार."

हेच मला हवं होतं. शब्द न् शब्द. चार वर्षं मी हेच वाक्य मनात त्यांच्या तोंडून वदवून घेत होतो. आणि ते त्यांनी बोलायला वेळ कोणती काढली? ती शेरवानी माझ्या हातात होती. मास्तरांकडं कोणी बघतच नव्हतं. पोरं शेरवानीकडं बघत होती आणि मग माझ्याकडं. दगडू कुंभार माझ्याकडं बघत होता. एकही हसला नाही.

ज्या माणसाचं अर्धं आयुष्य कोणी कधी काय बोलावं हे ठरवण्यात गेलं, त्याला ही वेळ कळली नसेल असं मला कोणी सांगू नये. मी त्यांना कधी माफ केलं नाही. नाटक करायला हवं होतं असं मी आजही म्हणतो. दिलेला शब्द म्हणजे शब्द. पोरांना आवरता आलं असतं, मी आवरलं असतं.

मास्तरांनी दोन्ही हात पुढं केले. मी शेरवानी दिली. किंमत ते बोलले नाहीत, मीही बोललो नाही. माझ्या धंद्यात असं एकदाच झालं.

त्यांनी ती झटकली, कॉलर सरळ केली, वरपासून खालपर्यंत सगळी बटणं लावली आणि दोन्ही हातांवर आडवी घेतली. घडी केली नाही. तशीच घेऊन ते नळदुर्गच्या रस्त्याला लागले, भर गावातून, जिथं त्या दिवसांत तसला कपडा जवळ बाळगायलाही लोक भीत होते. मागून एक पोरगा ओरडला, "मास्तर, कुठं चाललाव?" त्यांनी मागं बघितलं नाही. चाल तीच होती, बाईची, खांदे न हलवणारी. कापडाच्या दोन्ही बाह्या खाली लोंबत होत्या आणि त्या रस्त्याला लागू नयेत म्हणून ते हात छातीपर्यंत उचलून चालत होते.